खाली कुणीच नसते

वाचक लिहितात : आम्ही नाशिकला पाथर्डी फाट्याजवळ एका सोसायटीत चौथ्या मजल्यावर राहतो. यजमान अंबडच्या एमआयडीसीत शिफ्टमध्ये काम करतात, मी बँकेत आहे, घरी सासूबाई असतात. मुलगा नऊ वर्षांचा आणि मुलगी पाच वर्षांची आहे. गेल्या महिन्यात मुलाला पावणेदोन नंबरचा चष्मा लागला आणि डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्याला रोज बाहेर खेळायला पाठवा असे सांगितले. शाळेतून यायला त्याला चार वाजतात, नंतर अबॅकस आणि ट्यूशन असते. पार्किंगमध्ये ‘येथे खेळण्यास मनाई आहे’ अशी पाटी आहे. तरीही पाठवले, तर ‘खाली कुणीच नसते’ म्हणत तो दहा मिनिटांत वर येतो. त्याला फुटबॉलच्या कोचिंगला घालावे का? खेळताना चष्मा फुटून डोळ्याला लागेल, अशीही भीती वाटते. आणखी एक संकोचाने विचारते. मी ४१ वर्षांची आहे, पाठ कायम धरलेली असते. मुलांबरोबर खाली उतरून खेळावे असे मलाच मनातून वाटते, पण या वयात ते बरे दिसेल का?

सप्रेम नमस्कार.

डॉक्टरांच्या सल्ल्यापासूनच सुरुवात करतो, कारण ‘बाहेर खेळायला पाठवा’ हे वाक्य पुष्कळ पालक ‘पालेभाज्या खा, लवकर झोपा’ यांसारख्या उपदेशांच्या रांगेत बसवतात आणि दवाखान्याच्या पायऱ्या उतरेपर्यंत विसरून जातात. प्रत्यक्षात तो सल्ला औषधाच्या चिठ्ठीइतका नेमका आहे. लांबचे अंधुक दिसणाऱ्या मुलांचा नेत्रगोल बहुधा पुढून मागे प्रमाणाबाहेर लांबलेला असतो, त्यामुळे दूरच्या वस्तूची प्रतिमा दृष्टिपटलावर न पडता त्याच्या अलीकडे पडते. वाढत्या वयात हे लांबणे चालूच राहते आणि म्हणून नंबर वाढत जातो. घरात सगळे दिवे लावले तरी उजेड साधारण ३०० ते ५०० लक्स (उजेड मोजण्याचे एकक) एवढाच भरतो. बाहेर झाडाच्या सावलीतसुद्धा तो काही हजार लक्स असतो आणि भर उन्हात लाखाच्या घरात जातो. बाहुली लहानमोठी होते आणि दृष्टिपटलही उजेडाशी जुळवून घेते, म्हणून हा फरक आपल्याला जाणवत नाही. प्रखर उजेडात दृष्टिपटलातून डोपामिन हे द्रव्य अधिक स्रवते आणि ते नेत्रगोलाच्या लांबण्याला लगाम घालते, असे या विषयातील संशोधकांचे मत आहे.

चीनमधील ग्वांगझू शहरात १२ शाळांतील पहिलीच्या मुलांवर याचा प्रयोग झाला. निम्म्या शाळांत रोज ४० मिनिटांचा, मोकळ्या आकाशाखालचा एक जादा तास ठेवला गेला, बाकीच्या शाळांत नेहमीचेच वेळापत्रक राहिले. तीन वर्षांनंतर जादा तास मिळालेल्या मुलांपैकी ३०.४ टक्के मुलांना आणि इतर शाळांतील ३९.५ टक्के मुलांना लघुदृष्टीचा, म्हणजे लांबचे अंधुक दिसण्याचा, दोष आलेला आढळला. हे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. तैवानमध्ये तर शाळकरी मुलांनी दिवसाला १२० मिनिटे बाहेर राहावे, असा कार्यक्रम २०१० पासूनच राबवला गेला.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. बाहेर राहिल्याने चष्मा लागण्याचे टळते किंवा लांबते, याचा पुरावा भक्कम आहे. एकदा लागलेला नंबर वाढायचा थांबतो, याचा पुरावा तितका भक्कम नाही, आणि लागलेला नंबर ‘उतरतो’ हे तर मोबाइलवर फिरणारे नुसते आश्वासन आहे. याचा अर्थ तुमच्या मुलाने घरी बसावे असा मुळीच नाही. अर्थ एवढाच, की या सल्ल्याचा सर्वांत मोठा फायदा तुमच्या घरात ज्या व्यक्तीला होईल, तिचे नाव डॉक्टरांनी घेतलेलेच नाही. पाच वर्षांच्या मुलीला आजच खाली न्यायला सुरुवात करा आणि भावाच्या दर सहा महिन्यांच्या तपासणीला जाताना तिचेही डोळे दाखवून या.

बाकीचे फायदे तुम्हाला ठाऊक असतील, म्हणून थोडक्यात सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२०च्या शिफारशींनुसार ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी दिवसाला सरासरी निदान ६० मिनिटे दम लागेल अशी हालचाल करावी आणि हाडे-स्नायू बळकट करणाऱ्या हालचाली आठवड्यातून निदान तीन दिवस कराव्यात. उड्या, लंगडी, चढणे-उतरणे या त्याच हालचाली होत. हाडांची आयुष्यभराची पुंजी मुख्यतः वाढीच्या वयातच जमा होते, नंतर आपण ती फक्त खर्च करत असतो. ‘ड’ जीवनसत्त्वाविषयी मात्र एक गैरसमज दूर करतो. ते बनवणारे किरण खिडकीच्या काचेतून आत येत नाहीत, आणि अगदी कोवळ्या उन्हात ते फारच कमी असतात. त्यामुळे बंद काचेआड, सकाळी सातच्या उन्हात बाळाला न्हाऊ घालणाऱ्या आजींना उबेचे समाधान मिळते, जीवनसत्त्व मिळत नाही. नाशिकच्या थंडीत सकाळी दहा-साडेदहानंतर अंगावर थोडे ऊन घेणे सोयीचे आणि उपयोगाचेही असते.

आता फुटबॉलच्या कोचिंगकडे वळतो, आणि येथे मी थोडा जास्त रेंगाळणार आहे.

मी ३१ वर्षे शाळेत शारीरिक शिक्षण शिकवले. ज्या शाळेत होतो, तेथे परीक्षा जवळ आली की पीटीचा तास गणिताला जायचा, आणि ‘तेवढाच अभ्यास होईल’ असे मला हसतमुखाने सांगितले जायचे. त्याचा सल अजून आहे. पण त्याहून मोठा सल हा, की ज्या तासाला मुले मैदानावर असायची, त्या तासालाही मी त्यांना फार काळ रांगेत उभे करत असे. चाळीस मुले, चार चेंडू आणि शिट्टी माझ्या तोंडात. एका मुलाच्या वाट्याला चेंडू किती वेळ येत असेल, याचा हिशेब मी कधी मांडला नाही. मांडला असता तर लाज वाटली असती. कोचिंगच्या तासातही पुष्कळदा हेच घडते. शिकवणारा चांगला असेल तर मुलगा फुटबॉल शिकेल आणि त्याला आवडले तर अवश्य घाला, मात्र कोचिंग हा खेळाला पर्याय नव्हे. तो आणखी एक क्लास आहे, फक्त उघड्यावर भरतो. कोचिंगचा विषय निघाला की आपल्या जिल्ह्यात हमखास कविता राऊत यांचा दाखला दिला जातो. सावरपाड्यासारख्या पाड्यावरून आलेल्या या धावपटूने २०१०च्या राष्ट्रकुल स्पर्धेत १० हजार मीटरमध्ये कांस्यपदक मिळवले, याचा अभिमान मलाही आहे. परंतु तुमच्या मुलाला पदक मिळवायचे नाही. त्याला संध्याकाळी सातच्या सुमारास धापा टाकत, तोंड लाल करून, पाणी मागत घरी यायचे आहे.

खेळात काय घडते ते डबा ऐसपैसमध्ये पाहा. एकाने डबा लांब भिरकावला, ज्याच्यावर राज्य आहे तो तो आणायला धावला आणि तेवढ्यात बाकीचे पांगले. आता जिन्याखाली दोघे जण दबक्या आवाजात एकमेकांचे शर्ट बदलत आहेत. डबा मांडून परतलेल्याला खांबाआडून निळी बाही दिसते, तो घाईने एक नाव पुकारून डब्याकडे झेपावतो, आणि बाहीतून भलताच भिडू बाहेर येतो. ‘अंडे फुटले!’ असा एकच गलका होतो. मग भांडण : नाव आधी घेतले की डब्याला हात आधी लागला, शर्ट बदलणे चालते की नाही, चालत असेल तर ते आधी ठरले होते का. पाच मिनिटे खेळ बंद. त्या पाच मिनिटांत वकिली होते, रुसवा होतो, ‘मी नाही खेळत जा’ म्हणून एक जण पायरीवर जाऊन बसतो आणि कुणी समजूत काढायला येत नाही हे पाहून आपणच परत येतो, नवा नियम ठरतो, खेळ पुढे सुरू होतो. माझ्या मते त्या संध्याकाळची सर्वांत मोलाची पाच मिनिटे तीच. कोचिंगमध्ये ती नसतात, कारण तेथे शिट्टी वाजते. आपणही वरच्या गॅलरीतून ‘भांडू नका रे’ असे ओरडून ती हिरावून घेतो.

आणि तुमच्या धाकटीसाठी आपल्या खेळांनी फार पूर्वीच सोय करून ठेवलेली आहे. ती लिंबूटिंबू. तिच्यावर राज्य येत नाही, ती सापडली तरी बाद होत नाही, पण ती खेळात असते, लपते, पळते आणि मोठ्यांचे पाहून नियम शिकते. तिने केव्हा लिंबूटिंबू राहायचे नाही, हे ती स्वतःच एके दिवशी रागारागाने जाहीर करील.

‘खाली कुणीच नसते’ हे मुलाचे म्हणणे खरे आहे, आणि तुमच्या इमारतीतील प्रत्येक मूल आपापल्या आईला हेच सांगत असणार. प्रत्येक घर गॅलरीतून खाली पाहते, रिकामे पार्किंग दिसते आणि दार लावून घेते. हे कोडे एकट्या मुलाने सुटणारे नाही. उपाय साधा आहे, मात्र तो मोठ्यांनी करायचा आहे : इमारतीतील तीन घरे निवडा, त्या आयांशी किंवा आजोबांशी बोला, आणि ‘रोज पावणेसहा ते पावणेसात’ अशी एकच वेळ ठरवून निदान पंधरा दिवस ती मोडू नका. मुलांना वेळ ठाऊक असली की ती एकमेकांच्या दारावर थापा मारत जमतात. वेळ ठाऊक नसली की मोबाइल कायमच हाताशी असतो. अबॅकस आणि ट्यूशन यांपैकी एक बंद करावे लागेल. कोणते, हे मी सांगत नाही, परंतु नऊ वर्षांच्या मुलाचा दिवस शाळेनंतरही दोन ठिकाणी विकला गेलेला असेल, तर डॉक्टरांची चिठ्ठी कोणत्या वेळेत वटवायची? उन्हाळ्यात सूर्य सातच्या सुमारास मावळतो, डिसेंबरात मात्र सहाच्या सुमारासच. थंडीत ही वेळ पाऊण तास अलीकडे ओढा, कारण आपल्याला नुसती हालचाल नव्हे, उजेडही हवा आहे.

पाटीविषयी. बालहक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या ३१व्या कलमात मुलांचा खेळण्याचा हक्क मान्य केलेला आहे आणि भारताने तो करार १९९२ मध्ये स्वीकारला, हे तुम्ही मनात ठेवा, पण सोसायटीच्या अध्यक्षांना पहिल्याच भेटीत ऐकवू नका. पाटी लावणाऱ्यांची तक्रार बहुधा खरी असते : गाडीच्या काचेवर चेंडू, दुपारी झोपमोड, तळमजल्यावरच्यांच्या दारावर धडाधड आवाज. तेव्हा मागणीच अशी करा की ती नाकारणे कठीण जावे. टणक चेंडू नाही, दुपारी दोन ते पाच खेळ नाही, एक ठरलेला कोपरा, आणि त्या तासाभरासाठी तेथील दोन-तीन दुचाक्या पलीकडे लावण्याची विनंती. लंगडी, साखळी, विषामृत, आंधळी कोशिंबीर, डबा ऐसपैस यांना चेंडू लागतच नाही. लगोरीला फरशीचे सात तुकडे आणि जुन्या कपड्यांचा, सुतळीने आवळलेला चेंडू पुरतो. मागे येणाऱ्या गाडीचा धोका मात्र खरा आहे, त्याबाबत तडजोड करू नका. प्रवेशाच्या रस्त्यावर खेळ नको आणि त्या तासात एक मोठे माणूस खाली असलेच पाहिजे. गुडघा फुटणे हा धोका नव्हे. धुवायला साबण आणि पाणी ठेवा, मुलीची पाच-सहा वर्षांची आणि मुलाची दहाव्या वर्षाची धनुर्वातप्रतिबंधक लस वेळेवर द्या, आणि पडलेले मूल स्वतः उठते का, हे पाहण्यासाठी दोन क्षण जागचे हलू नका.

ते मोठे माणूस तुम्हीच का असू नये? ‘बरे दिसेल का’ असे तुम्ही विचारता. आपल्याकडे मोठ्यांनी खेळणे कधीच वाईट दिसत नव्हते, फक्त त्याला तिथी लागत असे. नागपंचमीला लेकुरवाळ्या बायका झाडाला बांधलेल्या झोक्यावर उभ्याने चढत, हस्त लागला की अंगणात भोंडल्याचा फेर धरत, मंगळागौरीला मध्यरात्रीपर्यंत फुगड्या घालत. नाशिकच्या रंगपंचमीला तर जुन्या गावातील पेशवेकालीन रहाडींत, म्हणजे जमिनीतल्या दगडी हौदांत, पन्नाशीचे, साठीचे गृहस्थ रंगीत पाण्यात धप्पा मारतात, आणि दुसऱ्या दिवशी तेच गृहस्थ मुलांना ‘पार्किंगमध्ये धावू नका’ म्हणून दटावतात. वर्षातून एक दिवस खेळण्याची मुभा आणि ३६४ दिवस लाज, हा हिशेब मला कधी पटला नाही. तिथीची वाट न पाहता तुम्ही सुरुवात करा.

शरीराच्या दृष्टीने मात्र घाई नको. प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम हालचाल करावी, अशी शिफारस आहे. रोज अर्धा तास साखळी किंवा विषामृत खेळलात तर पाच दिवसांत १५० मिनिटे सहज भरतात, आणि ट्रेडमिलसारखे घड्याळाकडे पाहावे लागत नाही. बँकेत दिवसभर बसल्याने धरलेली पाठ बहुधा हालचालीनेच सुटते. तरीही पहिले पंधरा दिवस तुम्ही लिंबूटिंबूच राहा : आधी दहा मिनिटे भरभर चाला, पळा पण अचानक वळू नका, आणि लंगडीचा मोह आवरा, कारण बऱ्याच वर्षांनंतर एका पायावर उडी मारताना गुडघा आणि घोटा आधी तक्रार करतात. दुखणे पाठीतून पायात उतरत असेल, पायाला मुंग्या येत असतील किंवा बधिरपणा असेल, तर खेळण्याआधी डॉक्टरांना दाखवा. सासूबाईंनाही खाली घेऊन या. साठी-पासष्टीनंतर तोल सांभाळण्याचा सराव आठवड्यातून निदान तीन दिवस करावा असे सांगितले जाते, आणि मुलांमध्ये हळूहळू चालणे, वळणे, वाकून लगोरीचा तुकडा उचलून देणे हा त्याचाच सराव आहे. शिवाय आट्यापाट्यांची पाटी कशी आखायची, हे तुमच्या इमारतीत बहुधा त्या एकट्यांनाच येत असेल.

यजमानांची पहिली पाळी असेल त्या आठवड्यात ते चारला घरी असतील, तेव्हा खाली जाण्याचे काम त्यांच्याकडे द्या. तुम्ही बँकेतून येईपर्यंत खेळ रंगलेला असेल. रविवारी पांडवलेणी तुमच्या घराच्या इतकी जवळ आहेत, की गाडी काढण्याचे कारण उरू नये. सकाळी लवकर पायऱ्या चढा, लेण्यांच्या ओट्यावर बसून शहर पाहा, उतरा आणि खाली येऊन डबा खा. मोकळे मैदान हवे असेल त्या दिवशी गोल्फ क्लब मैदान आहे. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीकडे जातो तेव्हा सकाळी साडेनऊच्या आत किंवा संध्याकाळी पाचनंतरच बाहेर पडा. पावसाळ्यात डेंग्यूचे डास मुख्यतः दिवसा चावतात, म्हणून पूर्ण बाह्यांचे कपडे घाला. सर्दी विषाणूमुळे होते, नुसते पावसात भिजल्याने नव्हे, त्यामुळे रिमझिमीत खेळ बंद करू नका.

राहिला चष्मा. काचेची भिंगे मुळीच नकोत. पॉलिकार्बोनेटची भिंगे सांगून घ्या, ती आदळली तरी सहसा तडकून डोळ्यात उडत नाहीत. फ्रेम प्लॅस्टिकची, लवचीक आणि नाकावर नीट बसणारी घ्या. कानामागून डोक्याला बसणारा इलॅस्टिकचा पट्टा चष्म्याच्या दुकानात मिळतो, तो लावल्याशिवाय खाली सोडू नका, आणि मुलगा ‘चष्मा काढून खेळतो’ म्हणाला तरी ऐकू नका, कारण अंधुक दिसणारे मूल खांबावर आपटते. एक साधा, स्वस्त फ्रेमचा जादा चष्मा आताच करून कपाटात ठेवा. वर्षभरात नंबर बदलेल तेव्हा तो निकामी होईल हे खरे, पण तोवर पहिला एकदा तरी फुटलेला असेल.